तीन तारे आणि जवळ्याचा वास



दोन-अडीच महिन्यांनी इथे येते आहे. मधे उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग थेंब, मग काळा चष्मा. "ब्लॉग बंद केलात की काय?" अशी चौकशी करणाऱ्या सगळ्यांचे आभार. बंद केलेला नाही. माझं टायपिंग मुळात एका बोटाने चालतं, त्यात डोळाही एकच राहिल्यावर काय जमणार!

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली तेव्हा घरच्यांनी ठरवलं की मला कुठेतरी 'चेंज' म्हणून न्यायचं. माझी धाकटी बहीण, तिचे यजमान, त्यांचा मुलगा म्हणजे माझा भाचा, त्याची बायको, त्यांची आठ वर्षांची लेक आणि मी, असे सहाजण दापोली तालुक्यातल्या हर्णैला चार रात्री राहून आलो. ताम्हिणीतून उतरून माणगाव, महाड करत गेलो. मधे जरा वाट वाकडी करून पालगडला साने गुरुजींच्या गावी थांबलो. ३५ वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला तिथून सरळ पुढे जाणं शक्यच नव्हतं.

पण आज प्रवासवर्णन लिहायचं नाहीये. लिहायचंय ते त्या मुक्कामावरून माझ्यात आणि भाच्यात जे भांडण झालं त्याबद्दल. भांडण म्हणजे आरडाओरडा नाही, तो माझा लाडका आहे आणि हे वाचणारही आहे. (बाळा, रागावू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग बोल.)

आधी जागा कशी होती ते

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की एक घर लागतं. मागे पाचसात माड, पुढे अंगण, आणि अंगणाच्या कडेला नव्याने बांधलेल्या तीन खोल्या. फार भपका नाही. स्वच्छ चादरी, पांढरीशुभ्र संडास-बाथरूम, ओटीवर एक झोपाळा. झोपाळ्यावर बसलं की दोन घरांच्या मधल्या फटीतून समुद्र आणि त्यात बसलेला सुवर्णदुर्ग दिसतो.

घर चालवते ती चाळिशीतली बाई. सगळे तिला ताई म्हणतात म्हणून मीही म्हणू लागले, जरी वयाने ती माझ्या मुलीसारखी. तिचे यजमान बोटीवर तांडेल आहेत, चारचार दिवस समुद्रात असतात. घरात सासूबाई, माझ्याच वयाच्या, आणि कॉलेजात जाणारा मुलगा. आधी यांची एका बोटीत भागीदारी होती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घराचे पत्रे गेले, अर्ध्याहून जास्त माड आणि पोफळी आडव्या झाल्या. भागीदारी विकली आणि त्यातून घर उभं करताना या तीन खोल्याही काढल्या. "भाड्याच्या पैशाला वारावादळ बघावं लागत नाही काकू," असं ताई म्हणाली. मला ते पटलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे दोन महिने बोटीची मिळकत शून्य. पावसाळ्यात पाहुणेही कमीच येतात म्हणा, पण जे येतात त्यांचा आधार होतो.

मी मासे खात नाही. ताईने माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात रांधलं. कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी. दोन दिवसांनी मी लाजून म्हटलं, "अगं, एवढं वेगळं नको करूस." तर म्हणाली, "काकू, तुमच्यासाठी नाही, तुमच्यामुळे सासूबाईंना पण आवडीचं मिळतंय." हे खरं की माझा मान राखायला म्हटलं, देव जाणे.

झोपेचं सांगते. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मला पहाटे साडेतीन-चारला जाग येते आणि मग झोप नाही. घरी त्या वेळी इतकी शांतता असते की फ्रिज चालू-बंद झालेला ऐकू येतो. हर्णैला पहिल्या पहाटे जाग आली आणि बंदराकडून इंजिनांचा आवाज आला. धड्-धड्-धड्, मग दुसरं, मग तिसरं. कोणीतरी कोणालातरी हाक मारत होतं. बर्फाचा टेम्पो मागे घेताना वाजतो तसा वाजत होता. मी उठून झोपाळ्यावर जाऊन बसले. सगळं गाव उठून आपापल्या कामाला लागलंय आणि आपण एकटेच जागे नाही, हे इतकं बरं वाटलं की काय सांगू! अर्ध्या तासाने परत आत जाऊन सातपर्यंत झोपले. गेल्या तीन वर्षांत असं झालं नव्हतं.

पलीकडच्या खोलीत मात्र भाचा त्याच आवाजाने वैतागून उशी कानावर घेऊन पडला होता.

जवळा

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचेसून नाकाला पदर, म्हणजे ओढणी, लावून बाहेर आली. मागच्या अंगणात सासूबाईंनी जुन्या जाळ्यावर जवळा वाळत घातला होता. जवळा म्हणजे ती बारीक कोळंबीसारखी मासळी. वाळवून वर्षभर ठेवतात, पावसाळ्यात मासेमारी बंद असताना तीच कामी येते. वास होता, खोटं कशाला बोलू? मलाही आधी कसंसंच झालं.

सून काही भांडली नाही. तिने फक्त विचारलं, "ताई, हा वास दिवसभर असणार का?" ताईचा चेहरा उतरला. "सॉरी मॅडम, सॉरी, लगेच काढते," असं चारपाच वेळा म्हणाली. मग आतून दबक्या आवाजात सासूबाईंशी बोलणं ऐकू आलं. तासाभराने अंगण रिकामं. धुऊन, फिनेल टाकून लख्ख.

चहाचा कप ठेवायला मी मागे गेले तेव्हा सासूबाई डोक्यावर टोपली घेऊन किनाऱ्याकडे निघालेल्या दिसल्या. गुडघे दोन्ही बाहेरच्या बाजूला वाकलेले. थांबत थांबत चालत होत्या. नंतर ताईकडून कळलं की गेल्या हंगामात एका पाहुण्यांनी अशीच तक्रार केली, तेव्हापासून जवळा किनाऱ्यावरच्या मोकळ्या जागेत घालायचा असं ठरलंय. तिथे दिवसभर राखत बसावं लागतं, कावळे आणि कुत्रे टपलेले असतात. त्या दिवशी गुडघे फार धरले होते म्हणून सासूबाईंनी घरामागे घातला होता. पाहुणे उशिरा उठतील, तोवर अर्धा वाळेल असा हिशेब केला होता बिचारीने.

पुढचे दोन दिवस मी सकाळी तिच्याबरोबर तिथे जाऊन बसले. तिने मला कावळे हाकायला एक काठी दिली. आम्ही फार काही बोललो नाही. गुडघ्यांवर कोण काय औषध घेतं, सुना कशा, मुलं कशी, एवढंच. अर्ध्या तासाने मला वास येईनासा झाला. माझ्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक सर होते, त्यांनी सांगितलेलं तेव्हा आठवलं. समुद्रातल्या माशाच्या अंगात एक द्रव्य असतं, मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिल अमाइन करतात आणि तोच तो वास. अगदी ताज्या मासळीला तो जवळजवळ नसतो. आणि आंबट लावलं की तो दबतो, म्हणून कोकम, चिंच, लिंबू. आमच्या कोकणातल्या बायकांना हे रसायनशास्त्र सरांच्या कितीतरी आधीपासून येत होतं!

संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव बघितला. बोटी जरा आत उभ्या, मासळी होड्यांतून काठाला येते. वाळूवर ढीग लागतात, भोवती व्यापारी आणि कोळणी, मधोमध बोली. बोली इतकी झरझर चढते की आपल्याला कळायच्या आत सौदा झालेला असतो. सुरमई, पापलेट, बांगडा, माकूल, ढोमी. मला नावं भाच्याने सांगितली, तो खाणारा आहे. गर्दीत आमच्यासारखे पर्यटक पुष्कळ. एक गृहस्थ ऐन बोलीच्या मधे शिरून "दोन पापलेट कसे दिले?" विचारत होते. एक मुलगी मासळी निवडणाऱ्या बाईच्या तोंडाजवळ मोबाईल नेऊन फोटो काढत होती. बाईने मान फिरवली, तर ती दुसऱ्या बाजूने गेली. माझ्या वर्गात अशी असती तर मी तिला बाकावर उभी केली असती.

तीन तारे

परत आल्यावर भाच्याने इंटरनेटवर त्या जागेला पाचपैकी तीन तारे दिले. खाली लिहिलं: जेवण उत्तम, माणसं चांगली, पण परिसरात माशांचा वास, पहाटे बोटींचा आवाज, वायफाय कमजोर.

मला हे कळलं ते ताईकडून. पोचल्याचं कळवायला आणि आभार मानायला मी फोन केला होता. बोलता बोलता ती म्हणाली, "काकू, दादांनी तीनच तारे दिले. तीन आले की पुढचं बुकिंग कमी होतं हो." तक्रारीचा सूर नव्हता, पाऊस कमी झाला असं सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली, "सासूबाईंना सांगितलंय मी, या वर्षीपासून जवळा बंद. बाहेरून विकत आणू."

फोन ठेवला आणि मला काही सुचेना. त्या बाईने सगळा जन्म हा जवळा वाळवला असेल. माझ्यासारख्या सहा जणांच्या चार रात्रींपायी तो बंद?

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, मी खोटं काय लिहिलंय? वास होताच ना? पैसे मोजले, खरं ते लिहिलं. पुढच्या लोकांना कळायला नको?"

त्याचं खोटं नाही. पण मी आयुष्यभर पेपर तपासले आहेत. मार्क कसे द्यायचे यावर मला चार शब्द बोलायचा अधिकार आहे. पेपर तपासताना पहिला नियम असा की जे अभ्यासक्रमात नव्हतं त्याचे मार्क कापायचे नाहीत. भूगोलाच्या पेपरात मुलाचं गणित कच्चं दिसलं म्हणून भूगोलाचे मार्क कमी करता येत नाहीत. गाव मच्छीमारांचं आहे हे जाहिरातीत लिहिलेलं होतं. किंबहुना म्हणूनच आपण तिथे गेलो! 'कोळीवाड्याजवळ निवांत मुक्काम' हे वाचून खोली घेतली आणि कोळीवाडा नाकात आणि कानात शिरला म्हणून दोन मार्क कापले. मग आपल्याला नक्की काय हवं होतं? ताजी सुरमई ताटात हवी, पण ती आणायला जाणारी बोट पहाटे वाजायला नको?

दुसरं असं की मार्क देणाऱ्याला त्या मार्कांचं पुढे काय होतं हे माहीत असायला हवं. दहावीचा पेपर तपासताना आम्ही ३४ वर अडकलेला पेपर पुन्हा एकदा उघडून बघायचो, कारण त्या एका मार्कावर एखाद्याचं वर्ष जाणार असायचं. मोबाईलवर तारे देताना आपण असं काही बघतो का? आपल्यासाठी तो अंगठ्याचा एक झटका असतो. तिकडे एका घरात दबक्या आवाजात बोलणं होतं आणि एक म्हातारी आपलं काम सोडते.

एक जुनी गोष्ट

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. ऐकवून झाल्यावर मात्र रात्री मला झोप लागेना, आणि त्याचं कारण भाचा नव्हता. ते कारण इथे लिहायचं की नाही यावर आठ दिवस विचार केला. लिहितेच.

बी.ए. झाल्यावर माझी पहिली नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका शाळेत होती. साल १९७८ असेल, पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. वर्गात कोळीवाड्यातली एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. हुशार होती, पाढे खणखणीत. सकाळी आईबरोबर मासळी निवडून मग शाळेत यायची. एक दिवस दोघीतिघी मुली म्हणाल्या, "बाई, हिच्या अंगाला वास येतो, आम्ही हिच्याशेजारी बसणार नाही."

मी काय करायला हवं होतं हे आता मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, आमच्या घरात मासळी शिजत नसे, आणि खरं सांगायचं तर वास मलाही यायचा. मी त्या मुलीला गोड आवाजात म्हटलं, "तू मागच्या खिडकीपाशी बस हं बाळ, तिथे वारा छान लागतो."

ती उठली आणि जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी न सांगताच तिथे जाऊन बसली. वर्षभर तिथेच बसली. एकदाही काही म्हणाली नाही. सातवीनंतर शाळा सोडून गेली. तिच्या बरोबरच्या कितीतरी मुली तेव्हा सातवीनंतर जात, त्यामुळे खिडकीमुळेच गेली असं मी म्हणत नाही. पण ती बाक आणि ती खिडकी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आता ती साठीच्या जवळ आली असेल.

ताई "सॉरी मॅडम" म्हणत होती तेव्हा मला ती मुलगी उठून मागे जाताना दिसली. सून काही वाईट बोलली नव्हती. मीही तेव्हा काही वाईट बोलले नव्हते. आपण सभ्य माणसं वाईट बोलतच नाही. आपण नुसतं नाक आक्रसतो आणि समोरचा आपण होऊन उठतो. म्हणून भाच्यावर रागावण्याचा मला फारसा हक्क नाही, हे मी त्याला आज सगळ्यांसमोर सांगते आहे.

दुसरी बाजू

काही जण म्हणतील, बाई, तुम्ही उगीच भावुक होताय. पाहुणे पैसे मोजतात, त्यांना स्वच्छता मागायचा हक्क आहे. अगदी मान्य! त्या किनाऱ्यावर मी प्लॅस्टिकच्या पिशव्या पाहिल्या, तुटक्या जाळ्यांचे तुकडे पाहिले, एका कोपऱ्यात कुजलेला कचरा पाहिला. त्याबद्दल बोलायलाच हवं. (दारूच्या बाटल्याही पाहिल्या. त्या गावातल्यांच्या किती आणि आपल्यासारख्यांच्या किती, हे मोजलं नाही.) पण घाणीचा वास आणि कामाचा वास यातला फरक आपल्याला कळतो. घरात फोडणीचा ठसका उठतो तेव्हा आपण घर घाणेरडं आहे असं म्हणत नाही. लोणच्याच्या कैऱ्या, कुरडयांचा चीक, गुऱ्हाळातली मळी, गोठ्यातलं शेण, या वासांवर तर आपल्या लेखकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मासळीच्याच वाट्याला ही नावड का? याचं उत्तर आपल्या जातीपातीत आहे, आणि ते मी माझ्या घरापासून ओळखते.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. ताईला माझी ही वकिली नको आहे. मी फोनवर तिला म्हटलं, "अगं, जवळा बंद नको करूस, तुझं गाव आहे." तर ती हसून म्हणाली, "काकू, तुम्ही चार दिवस आलात. मला वर्षभर खोल्या भरायच्या आहेत. मुलाची फी आहे. आपलं काय जातंय, विकत आणू." यावर मी काय बोलणार? तिचा हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगला कळतो. जवळा वाळवणं हे सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपत नाही हेही खरंच. कदाचित तिला आतून सुटल्यासारखंही वाटलं असेल. पण झेपत नाही म्हणून थांबणं आणि कोणी नाक आक्रसलं म्हणून थांबणं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तिने ठरवली असती. दुसरी आम्ही ठरवली.

मग करायचं काय

मास्तरीण असल्यामुळे उपदेश केल्याशिवाय लेख संपत नाही, तेव्हा ऐका.

हा प्रश्न आता वाढणार आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने महाराजांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात सुवर्णदुर्ग आहे. आनंदच आहे. आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला, १७५५ साली पेशवे आणि इंग्रजांनी मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, हा इतिहास मी वर्षानुवर्षं शिकवला. (आपलंच आरमार मोडायला आपणच परक्यांची मदत घेतली, हे सांगताना दर वर्षी आवाज खाली यायचा.) आता तो बघायला पुष्कळ लोक येतील. खोल्या वाढतील, हॉटेलं वाढतील. आज अंगणातला जवळा हलला, उद्या कोणी म्हणेल, वाळूवर लिलाव कशाला, तो पलीकडे न्या, इथे खुर्च्या टाकू. असं झालं तर बघायला नुसता किल्ला उरेल. ज्या लोकांच्या पूर्वजांनी आरमारावर काम केलं ते मागच्या खिडकीपाशी बसलेले असतील.

खोल्या चालवणाऱ्यांनी जाहिरातीत सरळ लिहावं: इथे पहाटे चारला बोटी निघतात, हंगामात मासळी वाळत असते, चालणार असेल तर या. ज्याला नको तो येणार नाही आणि ज्याला हवं तो आनंदाने येईल. माफी मागू नये. निवांत जागा हवी असेल तर कोकणात डोंगरातही पुष्कळ आहेत.

जाणाऱ्यांनी लिलावात कडेला उभं राहावं. तिथे लोकांच्या चारचार दिवसांच्या कष्टांची किंमत ठरत असते. बोटीवरच्या खलाशांत नेपाळहून आलेली पोरंसुद्धा असतात, त्यांचं घर किती लांब आहे याचा विचार करावा. फोटो काढायचा तर विचारून काढावा. खाणाऱ्यांनी प्रत्येक वेळी पापलेटच हवं असा हट्ट धरू नये. २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्यमासा म्हणून जाहीर केलं ते तो टिकावा म्हणूनच. जे त्या दिवशी आलं असेल ते खावं. आणि जूनमध्ये ताजी मासळी का नाही म्हणून मालकिणीवर डाफरू नये. माशांचा तो विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा पावसाळा संपला होता, तरी कोकणातल्या किती बोटी परत आल्या नाहीत! तिथल्या माणसांना हे विसरता येत नाही, आपणही पूर्ण विसरू नये.

आणि तारे देताना एकदा स्वतःला विचारावं, हा मार्क मी कशाचा कापतोय? गळका नळ, मळकी चादर, जादा लावलेले पैसे, यांचे जरूर कापा. समुद्राचे आणि लोकांच्या पोटापाण्याचे कापू नका.

माझ्यापुरतं म्हणाल तर विश्रांती म्हणजे काय हे मला त्या झोपाळ्यावर नव्याने कळलं. मला वाटायचं, कोणाचा आवाज नाही, कोणाचं काम दिसत नाही, अशा ठिकाणी मन शांत होतं. घरी मला तसलीच शांतता चोवीस तास आहे, आणि तीत झोप येत नाही. तिकडे पहाटे चार वाजता दुसऱ्यांचं काम ऐकता ऐकता आली.

असो. फार लांबलं. टायपायला पाच दिवस लागले, डोळा दुखायला लागलाय, आणि डॉक्टरांना कळलं तर रागावतील. तुमचं मत वेगळं असेल तर अवश्य कळवा, नुसतं 'छान लिहिलंय मावशी' नको.

बाळा, तू इथपर्यंत वाचलं असशील तर रविवारी सगळे जेवायला या. काचऱ्या आणि सोलकढी करते, ताईकडून आगळ आणलंय. तारे बदलता येतात का, आणि बदलावेत का, हे जेवणानंतर ठरवू. तुझ्या लेकीला मात्र आधीच विचार. परतीच्या वाटेवर तिने मला गाडीत विचारलं होतं, "मोठ्या आजी, त्या आजींचा जवळा पूर्ण वाळला का गं?"

मला सांगता आलं नाही.